घरासाठी कार्पेट घ्यायचंय: लोकर, नायलॉन की पॉलिस्टर? आणि लूप की कट?

उंबरठा

नमस्कार मंडळी, घरात कार्पेट टाकायचं ठरलंय आणि पंधरा दिवस झाले मी नुसते सॅम्पलचे तुकडे गोळा करतेय, टेबलावर आता अकरा तुकडे पडलेत आणि जितकं बघते तितका गोंधळ वाढतोय. ज्यांनी वापरलंय त्यांनी प्लीज सांगा.

कुठे टाकायचंय ते आधी सांगते. हॉल, हॉलमधून वर जाणारा जिना आणि खाली बाबांची खोली. बाबा ७८ वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात, नजरही आता कमी झालीये. मुलगी दहा महिन्यांची, दिवसभर गुडघ्यांवर. आणि एक मांजर आहे, तिला नखं घासायला काहीही चालतं. गुळगुळीत फरशीवर बाबांची काठी दोनदा सटकली तेव्हापासून हा विषय निघाला, म्हणजे हौस म्हणून नाही, गरज म्हणून घेतोय.

एका दुकानात सांगितलं नायलॉनशिवाय काही टिकत नाही, दुसरीकडे म्हणाले पॉलिस्टर आता इतकं सुधारलंय की नायलॉन घेणं म्हणजे पैसे पाण्यात, तिसरीकडे एक तुकडा हातात दिला आणि म्हणाले "बघा, अगदी लोकरीसारखं". लोकरीसारखं म्हणजे लोकर का, विचारलं तर उत्तर गोलगोल. शिवाय प्रत्येकजण फेस वेट, म्हणजे वरच्या धाग्याचं वजन, सांगतो, चाळीस, पन्नास, साठ, आणि जितकं जास्त तितकं भारी म्हणतो. हे खरंय का? लूप घ्यावं, म्हणजे धाग्याचे बंद वेढे असलेलं, की कट पाइल, म्हणजे टोकं कापलेल्या उभ्या धाग्यांचं? मला हाताला मऊ लागणारं आवडतंय पण जिन्यावर ते चालेल का कळत नाही. तिन्हीकडे एकच घ्यावं म्हणजे घर एकसारखं दिसेल असं नवऱ्याचं म्हणणं.

धागादोरा

ताई, बावीस वर्षं कार्पेट बसवायचं काम केलंय आणि जुनं उचलायचंही, उचलताना जे दिसतं त्यावरून सांगतो.

लोक आधी धाग्याचं नाव विचारतात. पण जी कार्पेटं मी चार-पाच वर्षांतच उचलली त्यातली बहुतेक धागा वाईट म्हणून गेली नाहीत, विरळ होती म्हणून गेली. धागा तुटलेला नसतो, फारसा झिजलेलाही नसतो, नुसता आडवा झोपलेला असतो, आणि चालायच्या वाटेवर एक काळपट पट्टा दिसतो, तो मळ समजून लोक धुवून धुवून थकतात आणि पट्टा काही जात नाही कारण तो मळ नसतोच, आडव्या धाग्यावर उजेड वेगळा पडतो एवढंच.

म्हणून पहिलं काम, सॅम्पल हातात घ्या आणि पाठीच्या बाजूला मोडा, जिन्याच्या कडेवर मोडतं तसं, लव, म्हणजे वरचे उभे धागे, बाहेर राहील असं. फट पडून खालचं अस्तर स्वच्छ दिसलं तर ते जिन्यावर अजिबात नको, दर पायरीच्या कडेला तीच फट रोज दिसणार. मग लवेत बोट खुपसा, तळाला सहज टेकलं तर विरळ, धाग्यांनी बोट अडवलं तर दाट.

फेस वेटचं म्हणाल तर ते अर्धं सत्य आहे. वजन म्हणजे एका चौरस यार्डात वरचा धागा किती औंस आहे तेवढंच, तो धागा उंच आणि विरळ आहे की आखूड आणि दाट ते त्यात कळत नाही. हिशोब सोपा आहे, वजनाला ३६ ने गुणा आणि लवेच्या उंचीने भागा, उंची इंचात. ४० वजनाचं कार्पेट अर्धा इंच उंच असेल तर घनता येते २८८०. तेच ४० वजन पाऊण इंच उंचीवर पसरलं की १९२०. वजन तेच, पण पहिलं हॉलमध्ये टिकेल आणि दुसरं बेडरूमच्या कोपऱ्यातच बरं. तेव्हा दुकानात वजन सांगितलं की लगेच उंचीही विचारा.

दुसरं, पीळ बघा. एकच धागा डोळ्याजवळ धरा, कट पाइल असेल तर त्याचं टोक सुईत ओवायच्या दोऱ्यासारखं घट्ट दिसलं पाहिजे. नव्या सॅम्पललाच टोक फुलून ब्रशसारखं झालेलं असेल तर वर्षभरात सगळी टोकं एकमेकांत गुंतून नमदा होणार. इंचाला पाचच्या वर पीळ असला तर मी समाधानी असतो, फ्रीझ नावाचा जो कुरळा प्रकार येतो त्यात सातच्या आसपास असतात, आणि त्यात पावलांचे ठसे, व्हॅक्यूमचे पट्टे काही दिसत नाहीत. मखमलीसारखं सपाट प्लश दिसायला सुंदर पण हॉलमधून माणूस गेला की त्याची पावलं उमटतात आणि ती व्हॅक्यूम करेपर्यंत तशीच.

तिन्हीकडे एकच घेऊ नका एवढं कळकळीने सांगतो. रंग एकाच घरातला ठेवा, जात वेगळी घ्या.

भिरभिरं

मांजर आहे म्हणालात म्हणून लिहितेय. आम्ही लूप घेतलं होतं, जाड गाठींचं, ज्याला दुकानात सगळे बर्बर म्हणतात. दिसायला फारच छान, मळ दिसायचा नाही. आमचा बोका दाराशी बसून नखं घासायचा, एक दिवस एक लूप वर आला, साधारण करंगळीएवढा. मी घाईत होते, वाटलं ओढून टाकू. ओढला तर उसवलेल्या शिवणीसारखा सरळ रेषेत निघतच गेला, थांबले तेव्हा हातभर लांबीची उघडी रेघ पडली होती आणि खालचं पांढरं अस्तर दिसत होतं. लूप एकाच अखंड धाग्याचे असतात, एक सुटला की शेजारचा सुटतो, हे मला तेव्हा कळलं.

तो वर आलेला लूप ओढायचा नसतो, कात्रीने शेजारच्यांच्या उंचीला कापायचा असतो. आणि धागा मुळातून निघाला असेल तर परत त्याच रांगेत चिकटवून घ्यायचा. मी रडकुंडीला आले होते तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगतेय. मांजराच्या घरात कट पाइलच घ्या, नख अडकलं तरी एक बुचका येईल, रेघ नाही येणार.

लोकरवेडा

लोकरीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून राहवत नाही. आमच्या हॉलमधलं लोकरीचं कार्पेट एकोणीस वर्षं झालीत आणि सोफा हलवला की पायांचे खळगे आठ-दहा दिवसांत आपोआप भरून येतात. लोकरीच्या प्रत्येक केसाला मुळातच वळण असतं, दाबलं की दबतो आणि सोडलं की परत उठतो. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही, त्यामुळे दमट दिवसांत खोली चिकट वाटत नाही. आगीचंही तसंच, ठिणगी पडली तर जळतं तेवढ्यापुरतं आणि विझतं, वितळून पायाला चिकटत नाही. रांगतं मूल आहे तर मी डोळे मिटून लोकर घेईन.

एक मात्र आधी सांगतो म्हणजे घाबरायला नको. नवीन लोकर पहिले काही महिने केस गाळते, व्हॅक्यूमची पिशवी भरून भरून येते. त्यात बिघाड काही नाही, धागा आखूड केसांचा कातलेला असतो त्यातले सुटे केस निघतात आणि हळूहळू थांबतं.

धागादोरा

लोकरवेडा, तुमचं बरोबर आहे, पण मांजर आणि बाळ दोन्ही असलेल्या घरात लोकरीच्या दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात.

एक म्हणजे कसर, लोकर खाणारी कीड. उडणारा पतंग काही खात नाही, त्याची अळी खाते, आणि ती बसते अंधारात जिथे कोणी हात लावत नाही, सोफ्याखाली, कपाटाच्या मागे. खोलीचा मधला भाग सुंदर आणि सोफा हलवला की खाली टक्कल, असं मी कितीतरी घरांत बघितलंय. दर महिन्याला सोफा सरकवून खाली व्हॅक्यूम मारला तर हा त्रास होत नाही.

दुसरं, मांजराने कुठे घाण केली की लोक एन्झाइमवालं क्लीनर आणतात. त्यात बहुतेक वेळा प्रोटीन खाणारं एन्झाइम असतं, आणि लोकर म्हणजेच प्रोटीन. डाग जाईल पण जागा कमजोर होईल. ब्लीच तर लोकरीजवळही नेऊ नका, लोकरीचा धागा ब्लीचमध्ये ठेवला तर विरघळून जातो. लोकरीला चालेल असं लेबलवर स्पष्ट लिहिलेलंच क्लीनर वापरा.

अणुरेणू

मी टेक्स्टाइल केमिस्ट्री शिकवते, म्हणून धाग्यांचं थोडं कारणासकट सांगते, कारण एकदा कारण कळलं की दुकानदार काय सांगतोय ते आपलं आपल्याला तपासता येतं.

नायलॉन १९३५ साली ड्यूपाँटमध्ये वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने बनवलं. त्याचा मोठा गुण म्हणजे दबल्यावर परत उभं राहणं, कृत्रिम धाग्यांत याबाबतीत त्याच्यासारखं दुसरं नाही, जिन्याला म्हणूनच ते सुचवतात. दोष असा की त्याच्या रेणूत अशा जागा असतात जिथे आम्लधर्मी रंग पक्के बसतात. कारखान्यात त्याला रंगवायला हे फार सोयीचं, पण घरात लाल सरबत सांडलं की तोही रंगच, आणि तोही तिथेच जाऊन बसतो. म्हणून नायलॉनवर डागरोधक लेप देतात, आणि तो वापराने नि धुण्याने कमी होत जातो.

पॉलिस्टरमध्ये अशा जागा नाहीत, त्यामुळे पाण्यातले रंग त्याला धरत नाहीत, चहा-सरबत पुसलं की जातं. पण ते एकदा दबलं की नायलॉनइतकं उठत नाही, आणि तेलकट मळ त्याला आवडतो. पॉलिस्टरचाच एक भाऊ आहे, त्याला २००९ मध्ये अमेरिकेत ट्रायेक्स्टा असं वेगळं नाव मिळालं, तो डागांच्या बाबतीत पॉलिस्टरसारखा आणि उभं राहण्यात साध्या पॉलिस्टरपेक्षा बरा. लेबलवर हे नाव दिसलं तर घाबरू नका.

आता ओलेफिन, म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. पाणी जवळजवळ शोषतच नाही, रंग धागा काढतानाच त्याच्या पोटात घातलेला असतो म्हणून उन्हात आणि ब्लीचलाही टिकतो. पण तेलाला चुंबकासारखं ओढतं, अनवाणी पायांचं तेलसुद्धा, आणि दबलं की दबलंच. शिवाय साधारण १६५ अंशांना वितळतं, जड टेबल जोरात ओढलं तर नुसत्या घर्षणाने चकचकीत रेघ उमटते आणि ती जात नाही.

तुमच्या त्या "लोकरीसारख्या" तुकड्याची घरीच परीक्षा घेता येईल. चारपाच धागे उपटा, ग्लासभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे धाग्यात अडकलेली हवा निघते, आणि धागे बोटाने दाबून तळाला न्या. ओलेफिन पाण्यापेक्षा हलकं आहे, त्याची घनता ०.९१ च्या आसपास, ते वर येणार. नायलॉन, पॉलिस्टर, लोकर, तिन्ही पाण्यापेक्षा जड, ती तळाशीच राहतात. मग घराबाहेर, स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून एक धागा जाळा. लोकरीला जळत्या केसांचा वास येतो आणि राहतं ते बोटांत चुरडतं. कृत्रिम धाग्याचा गार झाल्यावर कडक मणी होतो. बाळाला दूर ठेवून करा.

जाता जाता, कोणी आर्ट सिल्क किंवा बांबू सिल्क म्हणून चकाकणारं काही दाखवलं तर हॉलसाठी नको म्हणा. दोन्ही बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे लाकडा-बांबूच्या लगद्यापासून काढलेला धागा, असतं, ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते आणि नुसतं पाणी सांडलं तरी पिवळट, ताठर डाग राहतो.

पायवाट

बाकी सगळ्यांनी धाग्याचं छान सांगितलंय, मला बाबांच्या खोलीबद्दल बोलायचंय. माझी आई दोन वर्षांपूर्वी घरातच पडली, कार्पेट उत्तम होतं, चूक कार्पेटखाली अंथरतात त्या पॅडची होती. आम्ही प्रेमाने सगळ्यात जाड, सगळ्यात मऊ पॅड टाकलं, तिच्या गुडघ्यांना बरं वाटेल म्हणून. काठी टेकवली की ती आत रुतायची आणि आईचा तोल जायचा, पाय उचलताना बोटं लवेत अडकायची. फिजिओथेरपिस्ट घरी आल्या, त्यांनी बुटाच्या टाचेने दाबून दाखवलं, टाच अर्धा इंच आत गेली. त्या म्हणाल्या काठीवाल्या माणसाला जमीन खात्रीची लागली पाहिजे, मऊ नाही. मी तो दिवस विसरले नाहीये.

मग आखूड दाट लव आणि खाली पातळ पण घट्ट पॅड टाकलं. पॅड कधीही ७/१६ इंचापेक्षा जाड नको असं बसवणाऱ्याने सांगितलं, लूप असेल तर त्याहून पातळ आणि जास्त घट्ट. जाड पॅडने कार्पेटही लवकर खराब होतं कारण प्रत्येक पावलाला ते खाली वाकतं आणि पाठीचं अस्तर सैल होतं.

नजर कमी असेल तर नक्षीचं घेऊ नका. आईला गडद नक्षी म्हणजे खड्डा किंवा पडलेली वस्तू वाटायची, ती ओलांडायला जायची. सलग एका रंगाचं, आणि भिंतीशी, दाराच्या चौकटीशी रंग वेगळा दिसेल असं घ्या. आणि वर सुटी सतरंजी, छोटं रग वगैरे काही टाकू नका, त्याच्या कडेलाच पाय अडकतो.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार, किती वेळ काढून लिहिलंत. पायवाट, तुमच्या आईंचं वाचून पोटात गोळा आला, मी सुद्धा बाबांसाठी जाडच पॅड सांगणार होते.

काल रात्री बाळ झोपल्यावर परीक्षा घेतली. "लोकरीसारखा" तुकडा, त्याचे पाच धागे, साबणाचं पाणी. बोटाने तळाशी दाबले, बोट काढलं की सगळे वर. तीनदा केलं, तीनदा वर आले. म्हणजे ओलेफिन. माझ्याकडे एक खऱ्या लोकरीचा तुकडा होता, त्याचे धागे आधी थोडे तरंगले मग हळूच खाली गेले आणि तिथेच राहिले. गॅलरीत जाळून बघितला तर खरंच केस जळाल्याचा वास, आणि काळा गोळा बोटांत भुरभुरला. त्या दुकानदाराने थेट खोटं सांगितलं नाही, पण मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही दिलं नाही, याचं वाईट वाटलं.

मग सगळे अकरा तुकडे जिन्याच्या पायरीवर ठेवून मोडले. सात बाद. मला सगळ्यात आवडलेला मऊ क्रीम रंगाचा तुकडा त्यातच, पायरीवर ठेवला तर मधोमध भांग पाडल्यासारखं अस्तर दिसत होतं.

आता असं ठरतंय: जिना आणि हॉलला नायलॉन, कट पाइल, फ्रीझ नाही पण घट्ट पिळाचं, आखूड. बाबांच्या खोलीत ८० टक्के लोकर २० टक्के नायलॉन असं मिक्स मिळतंय, तेही आखूड आणि एका रंगाचं, मांजराला त्या खोलीत तसंही जाऊ देत नाही. बाळाच्या गुडघ्यांना नायलॉन खरखरीत लागेल का एवढीच शंका, आणि नव्या कार्पेटचा वास तिला बाधेल का?

अणुरेणू

निवड छान आहे. गुडघ्यांचं म्हणाल तर धाग्याची जाडी महत्त्वाची, बारीक तंतूंचं नायलॉन मऊ असतं. सॅम्पलवर आपलं कोपर किंवा मनगटाची आतली बाजू पन्नासेक वेळा घासून बघा, तुमची त्वचा लाल झाली तर तिचीही होईल.

वास मुख्यतः पाठीच्या लेटेक्सचा असतो. बसवताना आणि नंतर दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या, पंखा चालू, आणि बाळाला तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत ठेवा. शक्य असेल तर रोल आधी कुठेतरी उलगडून हवेशीर ठेवायला सांगा.

भिरभिरं

आणि एक छोटं, डाग पुसल्यावर वाळला की दुसऱ्या दिवशी परत वर येतो असं झालं तर क्लीनर ओतत बसू नका. तळाशी राहिलेला ओलावा धाग्यावरून वर चढतो आणि डाग बरोबर आणतो. जाड पांढरं फडकं घडी करून ठेवायचं, त्यावर जड पुस्तकं, रात्रभर. सकाळी डाग फडक्यात उतरलेला असतो.

उंबरठा

कोपराची परीक्षा झाली, दोन नायलॉनपैकी एक पास. धागादोरा, शेवटचं विचारते, जिन्यावर बसवताना मी कशाकडे लक्ष देऊ? आम्ही दोघंही तेव्हा घरी असू.

धागादोरा

सगळ्यात आधी, हॉल आणि जिन्याचं कार्पेट एकाच लॉटमधलं आहे का ते रोलच्या लेबलवर बघून घ्या, वेगळ्या लॉटमध्ये रंग किंचित फिरतो आणि शेजारी शेजारी आला की रोज डोळ्यात खुपतो. हॉलमध्ये जोड येणार असेल तर तो चालायच्या वाटेवर नको, आणि दोन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर एकाच रंगाचे दोन रंग दिसतात.

जिन्यावर लव वरून खाली जाणारी हवी. पहिली पायरी बसवून झाली की काम थांबवायला सांगा आणि तळहात वरून खाली फिरवा, गुळगुळीत गेला पाहिजे, खालून वर नेताना अडखळला पाहिजे. उलटं लागलं तर तिथेच सांगा, पहिल्या पायरीला बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. पायरीच्या कडेवर कार्पेट ताणून घट्ट बसलंय का ते अंगठ्याने दाबून बघा, तिथे पोकळ लागलं तर बाबांचा पाय सरकेल, ते चालवून घेऊ नका.

आणि उरलेले तुकडे घेऊन जाऊ देऊ नका. निदान हातभर तुकडा गुंडाळून कपाटात ठेवा, मांजराने कुठे बुचका काढला तर तेवढीच जागा कापून त्यातलं ठिगळ लव जुळवून बसवता येतं.

उंबरठा

तळहात वरून खाली, लक्षात ठेवलं. येत्या शनिवारी माप घ्यायला येतायत, बाबांना तेव्हा काठी घेऊन सॅम्पलवर चालवून बघणार आहे आणि मगच ऑर्डर देणार.